बरं, तसंच, वाईट

बंगळूर,
रविवार दुपार

प्रिय अलका,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू पत्र न फोडताच बाजूला ठेवशील, या भीतीने पत्ता शेजारच्या काकूंकडून लिहून घेतला. एवढी लबाडी माफ कर. तुझ्या जागी मी असतो, तर आमच्या हॉस्पिटलशी संबंध असलेल्या कुणाचंही एक अक्षर वाचलं नसतं. आणि मी तर तिथल्या नियोजन विभागात गेली अकरा वर्षं खुर्ची उबवतोय.

तुझ्या आईच्या, अक्कांच्या, तेराव्याला मी आलो होतो. पंगतीत अगदी टोकाला बसलो, जेवलो, आणि तुझ्याशी एक शब्द न बोलता निघालो. तू जयण्णाला सगळ्यांदेखत म्हणालीस, "रोज अम्मासमोर बसून जेवत होतास, तिचा पाय दिसला नाही तुला?" तो ताक वाढत होता. वाढतच राहिला. त्याला आता चार महिने झाले. तू त्याचे फोन घेत नाहीस, आईच्या साड्यांचं त्याने पाठवलेलं पार्सल तू तसंच परत केलंस, हे मला चिकपेटेत कळलं. तुम्ही दोघंच भावंडं. तुमचे वडील, नरसिंहराव, गेले तेव्हा तुम्ही एकमेकांना धरून उभे होतात, ते मी पाहिलंय. आता आई नाही आणि भाऊ असून नाही, असं तुझं झालंय. त्याचंही तेच.

इकडची खबर विशेष काही नाही. सर्जापूर रोडवर आमच्या इमारतीसमोर आणखी दोन उंच इमारती उठल्या, त्यामुळे सकाळी घरात दिवा लावावा लागतो. तुझं चिकपेट मात्र आहे तसंच आहे. मेट्रोतून वर आलं की तीच गर्दी, तेच कापडाचे गठ्ठे, तेच माणसांना ढकलत जाणारे हमाल. तुमच्या दुकानात फॉल आणि अस्तरांचे तागे अजून रंगांच्या क्रमाने लावलेले असतात. वर जाणारा जिना आता जयण्णा कुलूप लावून ठेवतो. वर कुणी नसतं ना.

गंमत बघ, तू माझ्या पुण्यात गेलीस आणि मी तुझ्या गावात राहिलो. पंचवीस वर्षांपूर्वी कोरमंगलात नोकरी लागली आणि ओळखीच्या ओळखीने तुमच्या माडीवरची खोली मिळाली, तेव्हा मला कानडीचं ओ का ठो कळत नव्हतं. तुमचं मराठीही अर्धं कळायचं नाही. तू 'स्वल्प मीठ दे' म्हणालीस की मी तुझ्या तोंडाकडे बघत बसायचो. बसमध्ये, दुकानात सारखी माफी मागत फिरणाऱ्या माझ्यासारख्या भित्र्या माणसाला तू पहिला शब्द शिकवलास तो 'परवागिल्ला'. काही हरकत नाही, ठीक आहे, चालायचंच, सगळं त्या एका शब्दात. पुढचे धडे मात्र अक्कांकडून झाले. तळताना उकळतं तेल मनगटावर उडालं आणि कातडी सोलवटली, तेव्हा नळाखाली हात धरून त्या म्हणाल्या, "परवागिल्ला." माझी नोकरी गेली, तीन महिने भाडं थकलं, तेव्हाही तेच. आणि तुझं पुण्याचं स्थळ नक्की झालं त्या संध्याकाळी मी कॉफीला खाली आलो, तर माझ्याकडे जरा वेळ बघून त्या तोच शब्द बोलल्या. तुझ्या-माझ्याबद्दल मी त्यांना कधी काही सांगितलं नव्हतं. तूही नसशील सांगितलं. त्यांना कळलं होतं. हा शब्द कधी म्हणतात आणि पोटात काय ठेवून म्हणतात, हे मला ठाऊक नव्हतं असं मी कोणत्या तोंडाने म्हणू?

आता आमच्या दवाखान्याचं. तुला आठवत असेल, चिकपेटेतल्या छत्राच्या, त्या जुन्या धर्मशाळेच्या, मागच्या खोलीत आमच्या हॉस्पिटलचा दर बुधवारचा दवाखाना चालायचा. डॉक्टर सुब्बाराव बसायचे. फार तिरसट माणूस. खोकला दाखवायला आलेल्यालाही आधी चपला काढून पाय स्टुलावर ठेवायला लावायचे, कारण त्या भागात निम्म्या लोकांना साखरेचा आजार, आणि साखरेने पाय बधिर होतात, जखम झाली तरी कळत नाही. बायका लाजायच्या. अक्का तर घरी येऊन म्हणायच्या, परक्या पुरुषाला पाय दाखवायचा म्हणजे काय. पण बुधवार चुकवायच्या नाहीत. पाय घासून, धुवून जायच्या.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे पुढच्या पाच वर्षांचे प्राधान्यक्रम ठरले. ते लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं. पहिलाच मुद्दा मी लिहिला: उपचार सर्वांपर्यंत पोहोचले पाहिजेत. हे मी मनापासून लिहिलं होतं, अलका. टाळ्या मिळाल्या म्हणून नाही सांगत. सर्जापूर रोडवरच्या गाडीवाल्यांना आमच्याकडे पोहोचायला दहा मिनिटं लागतात आणि चिकपेटेतल्या म्हातारीला दोन बसेस बदलाव्या लागतात, हे मला खरंच डाचत होतं. मग हिशेब मांडला. दवाखान्यात बुधवारी तीस-पस्तीस माणसं येतात. फोनवर एक मुलगी दिवसाला साठ जणांची चौकशी करू शकते. सुब्बाराव निवृत्तीला आलेच होते. खोली बंद केली आणि फोन सुरू केले. त्यांनी जाताना मला एवढंच विचारलं, की फोनवर चपला कशा काढायला लावणार. मी हसलो. मला तो म्हाताऱ्या माणसाचा हेका वाटला.

दवाखाना बंद होतोय हे अक्कांना सांगायला मी स्वतः गेलो होतो. त्यांचा चेहरा उतरला. मी म्हणालो, अक्का, काळजी करू नका, फोन करणारी माझीच माणसं आहेत, मीच केलंय हे सगळं. त्यांना केवढा अभिमान वाटला. समोरच्या दुकानातल्या बाईला हाक मारून सांगितलं, आमच्या शुभाचं काम आहे म्हणून. शुभंकर त्यांनी मला कधी म्हटलंच नाही.

फोनवर विचारायचे प्रश्न मी तयार केले. तब्येत कशी आहे, याला तीन चौकटी: बरं, तसंच, वाईट. 'वाईट'वर खूण झाली की दुसऱ्या दिवशी नर्स घरी जाणार, नाहीतर दहा दिवसांनी पुन्हा फोन. मुलींना शिकवायलाही मीच उभा राहिलो. आमच्या विभागातली बाकीची मंडळी मुंबई-नागपूरची, त्यांना कानडीचा गंध नाही. त्यांच्यात मी मोठा पंडित. भव्या नावाच्या मुलीने हात वर केला. म्हणाली, "सर, आपली माणसं परवागिल्ला म्हणतात. कधी बरं असतं म्हणून म्हणतात, कधी नसतं म्हणूनही. ते कुठे टाकू?" सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, परवागिल्ला म्हणजे ठीक आहे, 'बरं'मध्ये टाका. तिने पुन्हा काही म्हणायला तोंड उघडलं, तर मी जरा ऐटीत सांगितलं, की मला शिकवू नकोस, मी चिकपेटेत राहिलोय.

आणखी एक नियम केला होता. उत्तर फक्त पेशंटचंच घ्यायचं, घरच्यांचं नाही. त्यामागे कारण होतं. आधीच्या पाहणीत सासू काय, सून काय, बाईला काय होतंय ते घरातले पुरुषच सांगायचे, आणि सगळं ठणठणीत आहे म्हणायचे. म्हटलं, बाईला स्वतः बोलू दे. या नियमाचं तर फार कौतुक झालं.

मग तो टाचणीचा प्रकार. दुकानात कापडाला लावायची टाचणी अक्कांच्या टाचेत गेली आणि त्यांना कळलीच नाही. पाय बधिर झालेला होता. कधी गेली ते कुणालाच माहीत नाही. त्या महिन्यात त्यांना तीन फोन गेले. तिन्ही वेळा खूण 'बरं'वर. तिसऱ्या फोननंतर चार दिवसांनी ताप चढला, जयण्णा त्यांना टॅक्सीत घालून आमच्याकडे घेऊन आला, तोवर विष रक्तात भिनलं होतं. पाय काढला तरी सहाव्या दिवशी त्या गेल्या. मी रोज त्यांच्या खोलीपाशी जायचो. शुद्धीवर होत्या त्या एका दुपारी त्यांनी मला विचारलं, की तुझ्या कामाला काही बाधा नाही ना येणार याने. मी नाही म्हणालो. हे मी तुला आजवर सांगितलं नाही, कारण सांगताना मला स्वतःची लाज वाटते.

तेराव्यानंतर तू हॉस्पिटलकडे फोनांची नोंद मागितलीस. तुला जे इंग्रजी उत्तर आलं, त्याखाली सही दुसऱ्याची असली तरी मजकूर माझा होता. त्यातली दोन वाक्यं तुला पाठ असतील. तिन्ही वेळा प्रकृती सुधारत असल्याचं रुग्णाने स्वतः सांगितलं, हे एक. आणि नातेवाइकांकडून कोणतीही सूचना मिळाली नाही, हे दुसरं. नोंदीत तसंच होतं, मी उतरवून काढलं. खोटं लिहितोय असं तेव्हा मला वाटलं नव्हतं, पण खरं काय ते बघायलाही गेलो नाही. त्या दुसऱ्या वाक्यावरच तू जयण्णाला कायमचं तोडलंस, हे मला नंतर समजलं.

गेल्या महिन्यात भव्याने नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी माझ्या टेबलापाशी आली. म्हणाली, "सर, पुष्पावतीम्मांचे फोन तुम्ही ऐकलेत?" नोंदीत अक्कांचं नाव तसं होतं. मी नाही म्हणालो. तिने सांगितलं, सहा महिने झाले की रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं, त्याआधी तिसरं ऐका. मग नमस्कार करून गेली. त्यानंतर तीन आठवडे मी काही ना काही निमित्त काढून टाळत होतो. ह्या सोमवारी दार लावून बसलो आणि ऐकलं. पेनड्राइव्ह सोबत आहे. ते बाहेर नेणं हॉस्पिटलच्या नियमात बसत नाही, पण नियमांबद्दल बोलायचा मला आता अधिकार राहिलेला नाही. ऐकायचं नसेल तर ऐकू नकोस, मी लिहितो.

भव्या विचारते, कशा आहात अम्मा. अक्का म्हणतात, परवागिल्ला. मागून जयण्णाचा आवाज येतो, "पाय सांग ना अम्मा, पाय काळा पडलाय म्हणून सांग." अक्का फोनवर हात ठेवतात, पण ऐकू येतं: "गप रे जया. शुभाच्या हापिसातली पोर ती, तिला कशाला तोंदरे, कशाला त्रास." मग जयण्णा फोन ओढून घेतो. कानडीत सांगतो, की आईचा पाय टाचेपासून काळा पडलाय, सूज वर चढतेय, ती सांगणार नाही, मी सांगतोय, कुणाला तरी पाठवा. दोनदा सांगतो. भव्या म्हणते, सर, पेशंटनीच सांगायला हवं, आम्हाला तसं सांगितलंय. तो म्हणतो, अहो, मी तिचा मुलगा आहे. ती पुन्हा अक्कांनाच विचारते. अक्का पुन्हा तेच म्हणतात. फोन ठेवल्यावर जयण्णाच्या मोबाइलवर मेसेज गेला, तुमची माहिती मिळाली, धन्यवाद. म्हणून तो चार दिवस आमच्या माणसाची वाट बघत बसला. दुकान सोडून जिन्याच्या पायरीवर.

शुक्रवारी मी हे सगळं लिहून हॉस्पिटलला दिलं, सहीनिशी. बुधवारचा दवाखाना पुन्हा सुरू करा असंही लिहिलं. पुढच्या प्राधान्यक्रमात विचार करू, असं उत्तर आलं. माझ्या नोकरीचं काय ते होईल. काल रेकॉर्डिंग घेऊन जयण्णाकडे गेलो. त्याने ते अर्धंच ऐकलं, आणि म्हणाला, "अलकाला पाठवू नको शुभा. अम्मा स्वतःच बोलली नाही, हे ऐकून तिला जास्त त्रास होईल. तिला कुणावर तरी रागवायचंय, माझ्यावर रागावलीय ते सरी आहे, ठीकच आहे." चार महिने त्याने यासाठी तोंड उघडलं नाही, अलका. सगळ्यांदेखत तू बोललीस तेव्हाही नाही. त्याला मी पाठवत नाही असं सांगितलं आणि आज हे पत्र लिहायला बसलो. रागवायचं असेल तर माझ्यावर रागव, तक्रार करायची असेल तर कर, मी साक्षीला येईन. पण पत्राचं उत्तर मला देऊ नकोस. आधी त्याला फोन कर. दुपारी दोन ते चार दुकानात गिऱ्हाईक नसतं, आणि तो एकटाच असतो.

'तुझाच' लिहायचा हक्क पूर्वी मागितला नाही, आता तर मागूच नये.

शुभंकर