पदरातलं सूत

अकोला, शनिवार, ८ नोव्हेंबर १९५८

अजून कानात घुमतंय. जेवतानाही घुमत होतं.

गाण्याच्या रियाजासाठी तंबोरा घ्यायला गेले होते. माझे हात एवढे लहान की कासार मला शाळकरी पोरींच्या मापाच्या बांगड्या भरतो. म्हणून चार तारांची लहान तंबोरीच घ्यायची, असं ठरवून गेले. दुकानातल्या म्हाताऱ्या कारागिराने माझी बोटं पाहिली आणि कोपऱ्यातला पाच तारांचा तंबोरा काढला. दांडी अरुंद. भोपळ्याला जोड दिलेला, म्हणून स्वस्त.

"हा पायजे तुमाले."

बोटं पाचही तारांवर पोचली खरी, पण शेवटची खर्जाची तार अगदी बद्द वाजली. मी तोंड वाकडं केलं.

"काहून घाई करून राहिल्या, बाई? सूत द्या थोडंसं. माह्याजवळचं सरलं."

सूत? कशाला? तरी पदराच्या दशांतला एक धागा ओढून दिला. त्याने तो घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, त्या तारेखाली केसभर सरकवला.

"आता छेडा."

देवा! एका तारेतून एवढं? सगळं दुकान भरून गेलं. आणि माझ्या या बोटांनी? "गा ना, बाई," म्हातारा म्हणाला. मी नुसती छेडत बसले.

तंबोरा आता समोर भिंतीशी उभा आहे. मघाशी साडीची घडी घालताना पदर पाहिला. एक धागा कमी. पाच वर्षं नेसतेय ही साडी. पाच वर्षं ते सूत माझ्या खांद्यावरच होतं.