सगळं विरघळवणारा सॉल्व्हंट

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी सॉल्व्हंटची बाटली उघडताना मला तुमचा आवाज ऐकू येतो. सांगलीच्या त्या पत्र्याखालच्या प्रयोगशाळेत तुम्ही माझ्या शेजारी उभ्या आहात. परीक्षानळीत नव्या पदार्थाचे दोन-चार कण. आधी पाणी, नाही जमलं तर अल्कोहोल, मग ॲसिटोन; थेंब टाकायचा, हलवायचं, उजेडाकडे धरायचं. एकदा मी कंटाळून सगळाच पदार्थ ओतायला निघाले, तर तुम्ही मनगट धरलंत. "घाई तुला आहे, त्याला नाही. आणि विरघळला म्हणजे झालं का गं? पुढे कुठे जायचाय तो, याचा विचार केलास?" सगळे हसले आणि मला रडू आलं. मग जेवणाच्या सुट्टीत तुम्ही डब्यातली शेंगदाण्याची पोळी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवलीत.

आता मी साताऱ्यात मुलांना संशोधन शिकवते. रहिमतपूरकडची एक मुलगी माझ्याकडे आहे, फौजेतून निवृत्त झालेल्या माणसाची लेक. एका रानवेलीच्या मुळांतून तिने एक पदार्थ वेगळा काढला. इतकी मान मोडून काम केलं, तेव्हा कुपीच्या तळाला चिमूटभर जमला. त्याचा पेशींवर काय परिणाम होतो ते पुण्याच्या लॅबमध्ये तपासायचं होतं. पदार्थ विरघळवूनच पाठवायचा होता, आणि नेणारा माणूस दारात ताटकळत होता. ती म्हणाली, "मॅडम, आधी इवलासा घेऊन बघू का?" मी म्हटलं, "अगं, डीएमएसओमध्ये काहीही विरघळतं." आणि मीच ते सगळ्या पदार्थावर ओतलं, सढळ हाताने. पदार्थ बघता बघता विरघळला.

पुण्याहून कळलं, नुसत्या डीएमएसओनेच पेशी मेल्या. द्रावण मी इतकं पातळ केलं होतं, की पुरेसा पदार्थ पेशींपर्यंत पोचवायचा तर सॉल्व्हंटही भरमसाट घालावा लागला. पदार्थात गुण होता की नाही, कळायला मार्गच उरला नाही. डीएमएसओ सहजी उडूनही जात नाही; उरलेल्या द्रावणातून पदार्थ परत काढायला गेलो, तर तळाशी तपकिरी डाग राहिला. मुलगी कुप्या धूत राहिली.

गेल्या आठवड्यात तिचे वडील मुळांचं पोतं खांद्यावर घेऊन आले. घरी तिने 'नासलं' एवढंच सांगितलं होतं. "आवं मॅडम, पोरीकडनं चुकलं असंल, संबाळून घ्या. मुळं लागतील तेवढी आणून देतो." मी म्हटलं, "चूक तिची नाही हो, माझी आहे. ती आधी थोडं घेऊन बघू म्हणत होती, मीच ऐकलं नाही."

बाई, मी खरं तेच सांगितलं. पण त्यांनी हात जोडले. "व्हय, व्हय. आमच्या पलटणीत बी चांगला साहेब असाच. जवानाची चूक सवताच्या अंगावर घ्यायचा." मुलगी पोतं ओढत आत नेत होती. ती थांबली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा ओढायला लागली. "तसं नाही," एवढं बोलायला मी तोंड उघडलं, पण ते तोवर मोटारसायकलला किक मारत होते. मी हाक मारली असती, तर त्यांना ऐकू गेली असती.

हे तुम्हाला कुठे धाडणार? तरी लिहिते. त्यांनी मला चांगला साहेब म्हटलं, तेव्हा मला ते आवडलं.