घडीबाई मागे का बघते

३ फेब्रुवारी, सोमवार

आज मांजराची घडी घातली. शेपूट बाहेर राहते आणि हलते. मांजर जिवंत आहे एवढं मुलांना कळलं पाहिजे, असं कार्टूनच्या ऑफिसातल्या मॅडम म्हणाल्या. म्हणून दिवसभर शेपूट काढली. जेवताना माझं बोटच हलत होतं, आईने हातावर चापट मारली.

नीट लिहून ठेवते, नाहीतर माझं मलाच कळत नाही. आमच्या कार्टूनमध्ये एक आत्या आहे. तिला कपड्यांच्या घड्या घालायचा कंटाळा. म्हणून ती मशीन बनवते — घडीबाई. दोन लांब हात, खाली चाकं, डोळ्याच्या जागी एकच गोल काच. आधी कपड्यांच्या घड्या घालते. मग पेपरची, छत्रीची, मांजराची, सतरंजीची — आजोबा वर झोपलेले असताना! मग थांबतच नाही. दार उघडून बाहेर पडते, रस्त्याची घडी घालायला. शेवटी आत्या हातोडा आणते. खलास.

माझं काम मधलं. दादा (माझा कुणी नाही, सगळेच त्याला दादा म्हणतात) प्रत्येक हालचालीचं पहिलं आणि शेवटचं चित्र काढतो. मधली सगळी मी. काचेखाली दिवा, काचेवर त्याचे दोन कागद, त्यावर माझा कोरा. दोन रेघांच्या मधली रेघ शोधायची. बोलावं लागत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

बाबांनी पुन्हा शाळेचं काढलं. पुढच्या खोलीत त्यांचं रिपेअरिंगचं टेबल आहे, मिक्सर, पंखे, इस्त्र्या. बोलतात गिऱ्हाइकाशी, तेही दोनच शब्द — “जरा थांबा.” माझ्याशी त्याहून कमी. म्हणून शाळेचं काढलं की कळतं, बरेच दिवस मनात असणार.

मला शाळा नको. येत नव्हतं म्हणून नाही. सगळं यायचं. पण उभं केलं की तोंडातून शब्द फुटायचा नाही, आणि गप्प बसलं की सगळ्यांना वाटायचं हिला येत नाही. नववीत एकदा घरी आले ती परत गेलेच नाही.

शेवटी ठरलं, महिनाअखेरपर्यंत बघायचं. मॅडमनी कायम ठेवलं तर ठीक. नाहीतर गुपचूप शाळेत.

मग आईने कार्टूनची गोष्ट विचारली. मी सांगितली. बाबा मिक्सर उघडत होते. उघडण्याआधी ते कागदावर चित्र काढतात, कुठली वायर कुठे, म्हणजे परत लावताना चुकत नाही. चित्र काढता काढता मध्येच म्हणाले, “फोडतात? बिघडलं म्हणून फोडतात होय? उघडून नाही बघत?”

आई म्हणाली, “अहो, कार्टून आहे ते. तुमचं गिऱ्हाईक नाही.”

बाबा परत मिक्सरकडे वळले. पण पेन्सिल कानामागे ठेवायला बराच वेळ लावला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

शेपूट पास!

८ फेब्रुवारी, शनिवार

ऑफिसची लाइट गेली ती गेलीच. खाली खोदताना कुणीतरी केबल तोडली म्हणे. बुधवारी मुलांना दाखवायचंय, म्हणून मॅडमनी सगळ्यांना कागद घरी दिले. मला दाराचा सीन आला. घडीबाई घरातून बाहेर पडते तो. दादाने एक चित्र दाराच्या आत काढलंय, एक बाहेर. मधलं सगळं माझं.

घरी दिव्याची काच कुठली? हे मी बोललेसुद्धा नाही. तर बाबांनी कपाटाचा खण काढला, रिकामा केला, आत बल्ब, वर जुन्या शोकेसची काच. झालं. म्हणाले, शाळेत असतीस तर एवढा उपद्व्याप लागला नसता.

नाक वाहतंय. ताप असावा. कागदावर टिपूस पडला तर घडीबाईला पण सर्दी. अर्धा सीन झालाय. डोळे मिटतायत, उरलेलं उद्या.

९ फेब्रुवारी, रविवार

झालं सगळं. डोकं दगड. कागद गोळा केले, पिशवीत टाकले, परत पांघरुणात. आई म्हणते, जगाच्या घड्या घालते आणि स्वतःचं पांघरूण तसंच.

१२ फेब्रुवारी, बुधवार

काय झालं ते मला अजून कळलेलं नाही.

आई ज्या पाळणाघरात काम करते तिथली मुलं ऑफिसात आली होती. सतरंजीवर बसवली. मी मागे, खिडकीच्या पडद्याजवळ, कुणाला दिसणार नाही अशी. मांजराला हसली! शेपटीला तर एक मुलगी उलटीपालटी झाली. आजोबांना हसली. मग दाराचा सीन आला. घडीबाई दाराशी आली, उंबरठ्यावर पोचली — आणि थांबली. हात खाली सोडले. गोल काच मागे वळवून घराकडे बघितलं. मग गेली.

असा सीनच नव्हता! तिने सरळ जायचं होतं.

मुलं एकदम चिडीचूप. मग एक बारका म्हणाला, “तिला जायचं नाहीये.” बस, तिथून सगळं फिरलं. घडीबाईने रस्त्याची घडी घातली, दिव्याचे खांब आडवे झाले, सगळं विनोदी होतं, कुणी हसलं नाही. आत्या हातोडा घेऊन आली तर तो बारका उठून पडद्यासमोर हात पसरून उभा राहिला. बाकीच्यांनी रडायला सुरुवात केली. आईने दोघांना कडेवर घेतलं, तिसरी तिच्या पदरात नाक पुसत होती.

मुलं गेल्यावर मॅडमनी विचारलं, दारातला तो कागद कुणी घातला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. दाराचा सीन कुणाकडे होता ते सगळ्यांना माहीत. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी गप्प.

आणि गप्प बसलं की काय होतं ते वर लिहिलंच आहे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मी काढला का?

नसेल आठवत. ताप होता. पण हात आठवतो ना! शेपटीची रेघन् रेघ आठवते. हा कागद आठवतच नाही.

दादाला तो कागद दाखव म्हणायला मला सकाळपासून दुपार झाली. बाकीच्या कागदांवर माझे नंबर आहेत, याच्यावर नंबर नाही. कोपऱ्यात लिहिलंय — जरा थांब. आमच्याकडे एखादं चित्र पडद्यावर थोडा वेळ तसंच ठेवायचं असलं की दादा कोपऱ्यात ‘थांब’ लिहितो. त्यामुळे कागदांचे फोटो काढताना त्याला वाटलं, आपणच लिहिलं असेल, आणि त्याने ठेवलं थांबवून. आता म्हणतो, मी ‘जरा’ कशाला लिहीन?

मग कागद दिव्यावर धरून बराच वेळ बघत बसला. म्हणाला, “रेघ दाबून काढलीयस. एरवी एवढी दाबत नाहीस तू. पण एकदाही खोडलेलं नाही बघ.”

मी तर दहादा खोडते!

१५ फेब्रुवारी, शनिवार

सोमवारी चॅनेलचे साहेब येणार. बदलायला वेळ नाही, जसं आहे तसंच दाखवायचं. मॅडम माझ्याशी बोलत नाहीत. म्हणजे एरवीही फार बोलत नाहीत, पण हे न बोलणं वेगळं आहे, मला त्यातलं कळतं. दादा म्हणाला, साहेबांनी नाही म्हटलं तर मॅडम एक-दोन खुर्च्या कमी करतील. कुठल्या ते म्हणाला नाही. माझ्या खुर्चीकडे बघायचं टाळलं त्याने.

घरी काहीच सांगितलं नाही. आईला वाटतं मुलं हातोड्याला घाबरली. बाबांनी जेवताना विचारलं, सीन बरा झाला का. मी म्हटलं हो. बाबा आणि सीन विचारतात! मग मला एकदम वाटलं, कळलं की काय यांना, शाळेचं पक्कं करतायत. पाणी प्यायच्या निमित्ताने उठले.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आता तर डोकंच चालत नाहीये.

साहेबांनी बघितलं. हसले नाहीत, जांभई पण दिली नाही. संपल्यावर म्हणाले, दाराचं परत लावा. परत लावलं. म्हणाले, अजून एकदा. मी टेबलाखाली पडलेलं खोडरबर शोधत होते, शोधतच राहिले.

म्हणाले, मशीन बिघडलेली कार्टून ढिगाने बघितली, ही पहिलीच जिच्यासाठी वाईट वाटलं. हातोडा काढून टाका. शेवटी आत्याने तिला घरी न्यावं. आणि ती दारात बघते तसं शेवटी पुन्हा बघू दे, जरा जास्त वेळ. कुणी काढलंय ते?

सगळे पुन्हा माझ्याकडे. आणि मॅडम हसून म्हणाल्या, “आमची ही. बोलत नाही, पण हात बघा तिचा.”

आमची ही! बुधवारी मी कुणाची नव्हते.

मला बोलायचं होतं. खरंच. ते माझं नाही, एवढंच. तोंड उघडलं पण होतं, तर साहेबांनी त्याला हसणं समजून मान डोलावली.

मला तीन चित्रं काढायची आहेत. आत्या हाक मारते तेव्हाचं, वळतानाचं, आणि शेवटचं, बघतानाचं. शनिवारपर्यंत. मॅडम म्हणाल्या, हे जमलं की तू कायमची. तो कागद पण बरोबर दिला, बघून काढायला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

नाही जमत.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आरसा समोर ठेवून मागे वळून बघितलं. दादा नेहमी तसंच करतो, चेहरा आरशात करायचा आणि मशीनला द्यायचा. माझा चेहरा मान अवघडल्यासारखा दिसतो. तो कागद खाली ठेवून गिरवून काढला तरी येत नाही! रेघा त्याच, जागा त्याच, आणि घडीबाई नुसती मागे गाडी येतेय का बघितल्यासारखी.

दादा म्हणाला, विचार नको करूस, त्या दिवशी काढलंस तसंच काढ. त्या दिवशी मी काय काढलं तेच तर कुणी सांगत नाही.

उद्या मॅडमना खरं सांगावं. मग खुर्ची गेली. नाही सांगितलं तर शनिवारी आपोआप जाईल. सांगितलं तर विचारतील, मग कुणाचं? माहीत नाही म्हटलं की वेड्यातच काढतील. घडीबाईने मला चार घड्या घालून कपाटात ठेवलं तर बरं होईल.

२० फेब्रुवारी, गुरुवार

पाळणाघराला सुट्टी म्हणून आई घरी होती. एरवी ती माझ्या कितीतरी आधी निघते. मी पिशवी उचलली, चपला घातल्या, निघाले. मागून आई म्हणाली, “अगंबाई, खरंच की. रोज काय बघतेस गं अशी?”

मी कुठे काय बघितलं?

म्हणाली, आत्ता बघितलंस ना, उंबरठ्यावर थांबून, मागे वळून. मला वाटलं काही विसरलीस. मी म्हटलं मी असं करत नाही. तर आई हसायला लागली. म्हणाली, “मला तरी कुठे माहीत होतं! तुझे बाबाच सांगतात. शाळेत जातानाही अशीच थांबायचीस म्हणे, शेवटी शेवटी. थांबते, एकदा बघते, मग जाते.”

बाबांनी पंख्यातून मान वर काढली नाही.

ऑफिसात मॅडमना काही सांगितलं नाही. दिवसभर दिवा लावून तो कागद बघत बसले. दाबून काढलेली रेघ. खोडलेलं नाही. जरा थांब.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

संध्याकाळी बाबांच्या टेबलावर तो कागद ठेवला, उघड्या मिक्सरच्या बाजूला. काही म्हटलं नाही.

बाबांनी हात फडक्याला पुसले. कागदाकडे बघितलं, माझ्याकडे नाही.

“परत पाठवला का? चुकलं होतं काही?”

मी मान हलवली. मग वाटलं, नुसती मान पुरणार नाही. “नाही,” म्हटलं. “अजून तीन हवेत. मला जमत नाहीयेत.”

त्यांनी कानामागची पेन्सिल काढली. मिक्सर बाजूला सरकवला.

“मग जा,” म्हणाले, “दारात उभी राहा.”