वास नसलेला वायू

नॉर्वे

अंकितचे बाबा, सप्रेम जय भीम.

फोनवर माझा आवाज ऐकून तुम्ही घाबराल, म्हणून नागपूरला निघालेल्या ओळखीच्याच्या हाती पत्र देते. अपघात झाला एवढंच तुम्हाला ठाऊक आहे. कारखान्यांतून गोळा केलेला कार्बन डायऑक्साइड वायू समुद्रतळाखाली पुरायला नेणाऱ्या अंकितच्या जहाजावर गळती झाली. तो बेशुद्ध पडला. श्वास स्वतः घेतो, डोळे उघडत नाही. डॉक्टर थांबा म्हणतात.

जाताना म्हणाला होता, "आई, काऊन घाबरून राह्यली? सोड्यातलाच वायू तर आहे." तीस वर्षं शाळेत मीच तो शिकवला. आज नुसती बसून आहे.

तुम्ही गोळ्या वेळेवर घ्या. सूनबाई मेघा जेवते ना?

त्याच्या वस्तू आज मला मिळाल्या: घड्याळ, बूट, वायूची सूचना देणारं यंत्र. नवं खराब होऊ नये म्हणून, आपण रिमोटला करतो तसं, त्यानं ते प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलं होतं. म्हणून ते वाजलं नाही.

प्रमिला