गाळलेलं नाव

शेवगाव,
शनिवार, नोव्हेंबर १९४२

प्रिय शलमोन,

सलाम. हे पत्र तुझ्या तुरुंगात पाठवायची माझी छाती नाही. तिथे टपाल उघडून वाचतात. तरी लिहितोय.

तुला ठाऊकच आहे, रविवारच्या उपासनेत मी आधी इंग्लंडच्या बादशहासाठी प्रार्थना करतो, मग आजारी आणि दूर असलेल्यांची नावं घेतो. प्रत्येक नावाला मंडळी "प्रभू, ऐक" म्हणतात. 'चले जाव' म्हणत तू आत गेलास, तेव्हा मिशनचे साहेब मला म्हणाले, "मास्तर, बंडखोराचं नाव आलं तर शाळा आणि खोली दोन्ही सोडा." तुझे प्रभातफेरीवाले दोस्त म्हणतात, "बादशहाचं नाव घेतलंत तर मिशनच्या देवळाला कुलूप ठोकू." मला तर दोघांसाठीही देवाकडे मागायचंय. वैऱ्यासाठीसुद्धा मागा, हेच शिकलो ना आपण?

गेल्या रविवारी साहेब पुढ्यातच बसले होते. मी बादशहाचं नाव घेतलं आणि तुझं गाळलं. आई मागच्या चटईवरून म्हणाली, "आन् माझा शलमोन?" मी पुढचं नाव घेतलं. मंडळींचं म्हणून झाल्यावर मागून तुझ्यासाठी तिचा एकटीचाच आवाज आला, "प्रभू, ऐक." तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही.

उद्या साहेब पुन्हा येणार आहेत. आज प्रार्थनेच्या यादीत बादशहाच्या खाली तुझं नाव शाईनं लिहिलं, खोडता येऊ नये म्हणून. पण प्रार्थनेत डोळे मिटलेले असतात, शलमोन. कागद कुणालाच दिसत नाही. मलाही नाही. नाव तोंडानंच घ्यावं लागतं.

तुझा भित्रा भाऊ,
यशया