नागपूरला विमान आपटलं, त्याबद्दल

प्रिय वैजू,

आज सकाळी पोस्टमन एक जाड पाकीट देऊन गेला. वर माझं नाव, औंढ्याचा पत्ता, अक्षर मात्र अनोळखी. तुझ्यामुळं येणारं टपाल आता जवळजवळ थांबलंच होतं. म्हणून उघडायच्या आधी ते बराच वेळ मांडीवर घेऊन बसलो.

आत चौकशीचा अहवाल निघाला. तुझ्या त्या लँडिंगचा. तू जाऊन सव्वा वर्ष होत आलं आणि निकाल आत्ता लागला! त्या दिवशी तुझ्या शेजारी बसलेल्या कॅप्टनसाहेबांनी झेरॉक्स काढून पाठवलाय, सोबत हातानं लिहिलेली चिठ्ठी. माझं इंग्रजी कचेरीपुरतं. तरी शब्दकोश घेऊन दुपारपर्यंत वाचत बसलो. वाचून झाल्यावर कोणाशी बोलावं तेच कळेना. तुझी आई आत आहे, पण तिच्याशी बोलायच्या आधी तुझ्याशी बोलणं भाग आहे.

त्या विमानात बसायचा हट्ट माझाच होता, नाही का? मुंबईत तुझी खोली बघून झाली, समुद्र बघून झाला, तरी मी परतीचं रेल्वेचं तिकीट काढू देईना. तू म्हणालीस, "अप्पा, माझी ड्युटी नागपूरची आहे. तिथून हिंगोली लई लांब. एवढा वळसा काहून?" मी म्हणालो, "वळसा तर वळसा. पण माझ्या लेकीच्या हातच्या विमानात बसणार." तू हसलीस. इस्त्रीचा सदरा घाल म्हणालीस.

चौदाव्या ओळीत खिडकीची जागा मिळाली. स्पीकरवर तुझा आवाज आला, तू आपलं नाव सांगितलंस, आणि माझ्या अंगावर काटा आला. शेजारी एक जाड मिशांचा गृहस्थ बसला होता, नागपूरचाच असावा. त्याला सांगावंसं फार वाटलं. पण म्हटलं, आत्ता नको. उतरल्यावर सांगू, तेव्हा त्याचं तोंड कसं होतं ते बघू! सगळ्या प्रवासात मी ते वाक्य मनात घोळवत होतो.

नागपूरवर पाऊस होता. विमान डुलत डुलत खाली आलं. मला भीती वाटली नाही, खरंच सांगतो. तू होतीस ना पुढे! आणि मग ते आपटलं. दगडावर घागर आपटावी तसं. दात दातांवर आदळले. विमान पुन्हा वर उसळलं आणि दुसऱ्यांदा आपटलं. वरचे कप्पे उघडले, एका बाईच्या खांद्यावर बॅग पडली. सगळ्यात मागं बसलेली एअर होस्टेस किंचाळली. एक लेकरू रडायला लागलं ते थांबेचना.

विमान थांबल्यावर लोकांना वाचा फुटली. "कोण चालवून राहिलं हे?" "ट्रक समजते काय?" माझा शेजारी म्हणाला, "बाई होती. आवाज ऐकला न्हाई का?" मग माझ्याकडं वळून, अगदी काळजीनं, "काका, तुमाला लागलं का? असल्यांना घरी बसवाया पाह्यजे. बराबर हाय का न्हाई?"

वैजू, मी मान हलवली. हो म्हणून हलवली.

का हलवली? दीड वर्षाहून जास्त काळ मी स्वतःला विचारतो आहे. भीतीनं? लाजेनं? त्या एका क्षणी मला तो माणूस बरोबर वाटला होता का? कमरेत कळ येत होती आणि मला तुझा राग आला होता. हे आज तुला लिहितो आहे, कारण खोटं लिहायचं तर पत्र कशाला लिहायचं?

तू दारात उभी होतीस. आत बसून राहिली असतीस तर कोणी तुला बाहेर ओढलं नसतं. पण तू टोपी हातात धरून दाराशी उभी राहिलीस आणि उतरणाऱ्या प्रत्येकाला "माफ करा" म्हणत होतीस. कोणी बघून न बघितल्यासारखं केलं. एक जण म्हणाला, "मॅडम, आधी शिकून घ्या नीट." तू त्यालाही माफ करा म्हणालीस. मग माझी पाळी आली. तू माझ्याकडं बघितलंस. तुझे ओठ हलले. माझ्यामागं तो मिशीवाला उभा होता. मी खाली पायऱ्यांकडं बघितलं, कठडा धरला आणि उतरून गेलो. जसा बाकीच्यांपैकीच एक.

विमानतळाबाहेर मी तीन तास तुझी वाट बघितली. तू आलीस तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. पहिलं काय विचारलंस? "अप्पा, लागलं का कुठं?" आणि मी काय म्हणालो? "हळू उतरवता येत न्हाई का?"

तू रागावली नाहीस. बाकावर शेजारी बसलीस. म्हणालीस, "विमान थांबवलंय. पुढची फेरी रद्द केली."

"कोणी थांबवलं?"

"मी लिहिलं विमानाच्या नोंदवहीत. लँडिंग जोरात झालं, तपासा म्हणून."

"तुला कोणी विचारलं होतं?"

"न्हाई. मीच लिहिलं."

माझं डोकंच फिरलं. पस्तीस वर्षं मी फायली सांभाळल्या. कागदावर जे आलं नाही त्याची विचारणा होत नाही, एवढी एक गोष्ट मी नोकरीत शिकलो. मी म्हणालो, "अगं, विमान चालून राहिलं व्हतं ना? माणसं उतरली ना धड? मग स्वतःच्या हातानं स्वतःवर कागद काहून केला? कॅप्टन मोठे होते, ते काय म्हणाले?"

तू म्हणालीस, "ते काही म्हणाले न्हाईत." मग म्हणालीस, "अप्पा, पाऊण तासात दुसरी माणसं बसणार व्हती त्याच्यात."

मी तुझ्याकडं पाठ करून बसमध्ये चढलो. हात केलास, तो मी काचेतून बघितला. मी नाही केला.

दोन आठवड्यांनी तू औंढ्याला आलीस. उड्डाण बंद, चौकशी सुरू. त्या विमानाच्या चाकाच्या पायाला चीर सापडली होती, हे तू आल्या आल्या मला सांगितलंस. मागं बसलेल्या एअर होस्टेसच्या मणक्याला मार लागला होता, हेही. रोज दुपारी तू तिला फोन करायचीस. एकदा मी विचारलं, "ती शिव्या देते का?" तू म्हणालीस, "न्हाई. दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

इथं बातमी आलीच होती. कोणीतरी विमानाच्या आतला व्हिडिओ मोबाइलवर फिरवला. मंदिराकडं जाताना दुकानदार थांबवायचे. "काय गुरुजी, लेकीनं विमान आपटलं म्हणे?" मी कधी गुरुजी नव्हतो, पण त्या दिवसांत कोणी काही म्हणालं तरी मी दुरुस्त करत नव्हतो. जवळा बाजारला तुझ्या मामाकडं लग्न होतं, तिथं मी तुला नेलं नाही. तुझं पोट बिघडलंय असं तिथं सांगितलं. तुला कळलं होतं. कळूनही तू माझ्या पिशवीत नवा टॉवेल घातलास.

एक संध्याकाळ लख्ख आठवते. गच्चीत तू मला हाताचा पंजा विमानासारखा धरून समजावत होतीस. "अप्पा, ओल्या धावपट्टीवर विमान ठामपणेच टेकवायचं असतं. अलगद उतरवायला गेलं तर चाकं पाण्यावर घसरतात. लोक अलगद उतरलं की टाळ्या वाजवतात, पण दर वेळी तेच चांगलं लँडिंग असतं असं न्हाई."

मला एकदम उजेड दिसला. म्हणालो, "मग हेच सांग ना चौकशीत! पाऊस होता, म्हणून ठामपणे उतरवलं. संपला विषय!"

तू मान हलवलीस. "माझं तसं नव्हतं अप्पा. वाऱ्यानं विमान सरकलं, मी नाक उचलायला उशीर केला. उसळल्यावर पुन्हा वर न्यायचं सोडून मी तसंच खाली दाबलं. ती माझी चूक व्हती."

"पण पाऊस तर होता ना?"

"पाऊस व्हता. चूकपण व्हती."

मी चिडून खाली निघून आलो. माझ्या मते तू हाती आलेली सुटका फेकून देत होतीस. तुला वाचवणं सोपं होतं आणि तू वाचवूच देत नव्हतीस! तेव्हा वाटलं, इतकी हट्टी कोणावर गेली?

चार महिन्यांनी तुला पुन्हा शिकवलं, पुन्हा परीक्षा घेतली. पास झालीस तो फोन मी उचलला. "सोमवारी पहिली फेरी, अप्पा." मी म्हणालो, "बघ बाई, आता नीट." एवढंच. शाबास म्हणायला माझ्या तोंडात काय अडलं होतं?

सोमवारच्या आधी शुक्रवारी तुला ताप आला. तू मुंबईहून फोनवर म्हणालीस, थोडा आहे. आणि मी, तुझा बाप, काय म्हणालो ते तुला आठवतं का? "आता सुट्टी मागू नको. आधीच नाव खराब झालंय. गोळी घे आणि जा."

तू गेली नाहीस. कंपनीला कळवलंस की अंगात ताप आहे, मी विमान चालवायच्या लायक नाही. त्यांना खरं खरं सांगितलंस! मग आम्हालाच का "थोडा आहे" म्हणालीस गं? त्यांच्यासाठी तापाचा आकडा लिहिलास आणि आईला म्हणालीस, वरण-भात खाल्ला. डेंग्यू आहे हे आम्हाला तुझ्या खोलीतल्या मैत्रिणीनं कळवलं, तेव्हा तुला दवाखान्यात हलवून दीड दिवस झाला होता. आम्ही पोचलो तेव्हा तू ओळखत नव्हतीस. एवढी एक गोष्ट तू लपवलीस, आणि ती आमच्यापासून. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. जाईल असं वाटतही नाही.

आता अहवालाचं सांगतो. त्यात तुझी चूक लिहिलेली आहे, तू सांगितली होतीस तशीच, नाक, उशीर, उसळी, सगळं. एक शब्द कमी केलेला नाही. त्याखाली कॅप्टनसाहेबांची चूक. विमान त्यांच्या जबाबदारीत होतं, त्यांनी ते वेळेवर हातात घ्यायला हवं होतं. आणि शेवटच्या पानावर असं आहे की ती चीर फक्त तुझ्या नोंदीमुळं सापडली. ते विमान तसंच पुढच्या फेरीला गेलं असतं तर उतरताना चाकाचा पाय मोडू शकला असता. हे मी चार वेळा वाचलं. शब्द नीट लागतो आहे ना, म्हणून शब्दकोशात पुन्हा बघितलं.

चिठ्ठी लहान आहे. कॅप्टनसाहेब लिहितात, त्या दिवशी मी तिला म्हणालो होतो की हे लिहू नकोस, इतकं काही झालेलं नाही, दोघांचंही नुकसान होईल. तिनं ऐकलं नाही. चौकशीतही तिनं माझं हे बोलणं सांगितलं नाही. मी स्वतः जाऊन सांगितलं, पण ते ती गेल्यावर. मला उशीर झाला.

म्हणजे एकाच दिवशी दोन म्हाताऱ्यांनी तुला एकच सल्ला दिला होता. एकानं विमानात, एकानं बाहेर बाकावर. आणि "ते काही म्हणाले न्हाईत" असं सांगून तू त्यांनाही माझ्या नजरेतून पडू दिलं नाहीस. त्या बाकावर तू किती एकटी होतीस, वैजू! मी हातभर अंतरावर बसलो होतो.

आता जे सांगायला मी दुपारपासून चाचरतो आहे ते सांगतो. तुझ्या आईला मी नागपूरहून फोन केला होता. तिनं विचारलं, "कसं उतरवलं हो लेकीनं?" मी म्हणालो, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढं व्हिडिओ फिरला, तेव्हा म्हणालो, तो दुसऱ्याच विमानाचा आहे. उड्डाण बंद झालं, ते तब्येतीच्या तपासणीसाठी. ती मोबाइल बघत नाही, बाहेर फारशी जात नाही. कोणी घरी येऊन बोलायला लागलं की मी विषय बदलायचो. तुझ्यासमोर तिनं शेजारणीला टाळ्यांचं सांगितलं होतं, आठवतं? तू ताटातल्या भाकरीकडं बघत राहिलीस. मला खोटं पाडलं नाहीस. तुझ्या फोटोला हार घालताना ती आजही तेच सांगते, आणि समोरची माणसं माझ्याकडं बघतात.

तिला मी तिची लेकच नीट दिली नाही. टाळ्या दिल्या. ज्या तुला कधी मिळाल्या नव्हत्या आणि तू मागितल्याही नव्हत्या.

ती आत तांदूळ निवडते आहे. मी हे पत्र संपवून उठतो आणि तिच्याजवळ खाली बसतो. आधी सांगतो की विमान आपटलं, तुझ्या चुकीनं आपटलं, एका पोरीची पाठ त्यात गेली. मग सांगतो की तू दारात उभी होतीस आणि तिचा नवरा तुझ्यासमोरून खाली मान घालून निघून गेला. मग वहीतल्या नोंदीचं सांगतो. हाच क्रम ठेवीन. स्वतःला वाचवणारं वाक्य मध्ये घालणार नाही, आणि ती विचारायची वाटही बघणार नाही. ती रडेल, कदाचित बरेच दिवस माझ्याशी बोलणार नाही. चालेल. हा शब्द तुला देतो.

तुझा,
तुला उशिरा ओळखणारा
अप्पा
औंढा नागनाथ