नातीच्या गालांचं प्रकरण

चौल, रविवार

तीर्थस्वरूप अक्कास दत्तूचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे आणि भाऊजींचा खोकला एकमेकांना सांभाळून असतील अशी आशा. इकडे आम्ही जिवंत आहोत, पण उपाशी.

त्याचं असं झालं. आमची नात रुचिका जन्मली तेव्हा जेमतेम दोन किलोची (तूच म्हणाली होतीस, "अगो बाई, ही तर पापलेटाएवढी!"). तेव्हापासून तुझ्या भावजयीने, मैनाने, तिला भरवायचा जो विडा उचलला, तो पाच वर्षं खाली ठेवला नाही. तूप, शिकरण, शिरा, मधल्या वेळी परत शिरा. गाल असे झाले की शेजारीपाजारी येताजाता ओढून जायचे. शेवटी सूनबाई किशोरी तिला अलिबागला डॉक्टरांकडे घेऊन गेली. ते म्हणाले, जन्मतः बारीक असलेलं मूल पुढे भराभर जाड झालं, तर अंगातलं इन्सुलिन नीट लागू पडेनासं होऊ शकतं. आज साखर बरोबर दिसते, पण ती तशी ठेवायला शरीर जास्त राबतं, आणि मोठेपणी मधुमेहाचा धोका वाढतो. रक्त तपासू, उपाशीपोटी आणा.

"म्हणजे माझ्या हातचं खाऊन पोर आजारी पडणार?" मैना कडाडली आणि सासू-सुनेचं बोलणं बंद. मीठ मागायचं तरी माझ्यामार्फत.

पहिली खेप फुकट गेली, कारण रुचिकाच्या गालात नानकटाई सापडली (कुणी दिली ते लिहीत नाही, मला याच घरात राहायचंय). दुसऱ्या खेपेला सुई बघून पोरीने दवाखाना डोक्यावर घेतला. मी शूरपणे बाही वर केली, म्हटलं, "बघ, आजोबांना काही होतंय का?"

झालं! त्यांनी दोघांचंही रक्त घेतलं. तिचं इन्सुलिन थोडं चढं निघालं. खाणं आवरलं, खेळणं वाढवलं की उतरेल म्हणाले. माझी साखर मात्र दोनशे ऐंशी. डॉक्टर मैनाला म्हणाले, "आजी, तेव्हा हिला तुम्हीच जगवलंत. आता फक्त हात आखडा." मैना तिथेच रडली आणि घरी येऊन किशोरीशेजारी भाजी निवडायला बसली. त्या दोघी एक झाल्या, अक्का, आणि मी संपलो. संध्याकाळी रुचिकाला किनाऱ्यावर पळवतात, तिच्या मागून मला. कारल्याचा रस मात्र मला एकट्यालाच.

लोभ आहेच, तो जरा गोड असू दे.

तुझा दत्तू

ता. क. : मुख्य गोष्ट राहिलीच. तुझी तब्येत फार बिघडल्याचं किशोरीला फोनवर सांग आणि मला आठवडाभर तुझ्या गावी, तळ्याला बोलावून घे. पुरणपोळीबद्दल मी स्वतःहून काही बोलत नाही.

आणखी एक ता. क. : वन्सं, मी मैना. पाकीट चिकटवायला ह्यांनी माझ्याकडेच दिलं. शनिवारी आम्ही सगळेच येतो. रोज सकाळी तुमचा तळगड किल्ला चढायचा असं ठरलंय. ह्यांना अजून सांगितलेलं नाही.